धरसोडीचा व्यापार

2015 च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोमागे दोनशे रुपयांच्या घरात गेली आणि दिल्लीत धावपळ सुरू झाली. त्या धावपळीतूनच पुढच्या जुलैत, पंतप्रधान मोझांबिकची राजधानी मापुटोला गेले तेव्हा, त्या आफ्रिकी देशाबरोबर एक करार झाला. पहिल्या वर्षी एक लाख टन डाळी, मग दरवर्षी वाढवत 2020-21 पर्यंत दोन लाख टन. त्यात मुख्य तूर. मोझांबिकमध्ये तूर फारशी खाल्ली जात नाही. तिथला शेतकरी ती पेरतो ती मुख्यतः भारतासाठी. भारताचा पंतप्रधान स्वतः येऊन तूर मागून गेला, हे कळल्यावर नांपुला आणि झांबेझिया प्रांतांतल्या दोन-चार एकरवाल्यांनी चार ओळी जास्त पेरल्या असतील, तर त्यात नवल नाही.

आपल्या शेतकऱ्यानेही त्याच वेळी तेच केलं. 2016 ला पाऊस बरा झाला, आदल्या वर्षीच्या भावाने डोळे दिपले होते, आणि देशातलं तुरीचं उत्पादन सुमारे 25 लाख टनांवरून 48 लाख टनांच्या आसपास गेलं. हमीभाव बोनससह क्विंटलला 5,050 रुपये होता, बाजारात चार हजारही मिळेनात. खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा आणि आत बारदाना नाही म्हणून काटा बंद, हे दृश्य विदर्भ-मराठवाड्यातला माणूस अजून विसरलेला नाही. शेवटी 5 ऑगस्ट 2017 रोजी केंद्राने तुरीची आयात 'मुक्त' वर्गातून काढून 'निर्बंधित' केली आणि वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली.

करारातली तूर या निर्बंधातून वगळलेली होती, म्हणजे कागदावर भारताने शब्द मोडला नाही. पण जुलै ते सप्टेंबर हा मोझांबिकमध्ये तूर घरात येण्याचा काळ. कोट्यापलीकडे जी पिकली होती तिला जगात दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. तिथले भाव कोसळले. चार वर्षांनी, मे 2021 मध्ये, आपली डाळ पुन्हा महागली तेव्हा आयात पुन्हा मुक्त झाली आणि मोझांबिककडे पुन्हा तूर मागण्यात आली.

दूरच्या विकसनशील देशांशी व्यापार वाढवण्याचे सरकारी प्रयत्न कुठे अडतात याची चर्चा साधारणपणे अंतर, जहाजभाडं, भाषा, चीनची स्पर्धा अशा वळणाने जाते. माझ्या मते यातली बरीचशी कारणं खरी आहेत, पण दुय्यम आहेत. मूळ दुखणं आपल्या घरचं आहे. आपलं वाणिज्य धोरण एका हाताने आमंत्रण पाठवतं आणि दुसऱ्या हाताने, बहुधा रात्री उशिरा निघालेल्या अधिसूचनेने, दार लावून घेतं.

योजना काही कमी झालेल्या नाहीत. लॅटिन अमेरिकेसाठी 'फोकस एलएसी' 1997 मध्ये सुरू झाला, 'फोकस आफ्रिका' 2002 मध्ये सात देशांपासून सुरू झाला आणि वर्षभरात चोवीस देशांपर्यंत गेला. 2006 मध्ये 'फोकस मार्केट' योजना आली. ठरावीक दूरच्या देशांत माल पाठवला की किमतीच्या अडीच टक्के, नंतर तीन टक्के, इतकी सवलत शुल्कपत्राच्या, म्हणजे आयात शुल्क भरताना वापरता येणाऱ्या पत्राच्या, रूपात मिळे. 2015 मध्ये ती दुसऱ्या एका मोठ्या योजनेत विरघळली. त्या योजनेवर आणि तिच्या भावंडांवर अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला, 2019 मध्ये निकाल भारताविरुद्ध गेला आणि 2020 अखेर तीही बंद झाली. भारत-आफ्रिका शिखर परिषद 2008 मध्ये दिल्लीत, 2011 मध्ये अदिस अबाबात, 2015 मध्ये पुन्हा दिल्लीत. तिसऱ्या परिषदेत पाच वर्षांसाठी दहा अब्ज डॉलरच्या सवलतीच्या कर्जाची घोषणा झाली. चौथी 2020 मध्ये व्हायची होती. ती कोविडने हुकली आणि मग वर्षामागून वर्ष लांबत गेली. चीनची अशीच परिषद 2000 पासून दर तीन वर्षांनी भरते. कोविडच्या काळातही, 2021 मध्ये, ती सेनेगलची राजधानी डकारमध्ये भरली. परिषदांनी व्यापार होतो असं मला मुळीच वाटत नाही. पण कोण वेळ पाळतं, हे यजमानालाही दिसतं आणि पाहुण्यालाही.

या सगळ्यात 'दूर' हा शब्द आपण फार सैल वापरतो. मुंबईहून मोम्बासा हे शांघायपेक्षा कितीतरी जवळ आहे. मोसमी वाऱ्यावर कच्छ-काठियावाडची गलबतं तिथे शेकडो वर्षं जात होती. एकोणिसाव्या शतकात झांझिबारच्या सुलतानाची जकात वसूल करण्याचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता. केनिया आणि युगांडात 1920 पर्यंत चलन म्हणून रुपयाच चालत होता. तेव्हा ना वाणिज्य मंत्रालय होतं ना 'फोकस' नावाची योजना. होती ती हुंडी आणि पुढच्या मोसमात हाच माणूस याच बंदरात पुन्हा येणार आहे ही खात्री. (त्या व्यापारात हस्तिदंत होतं आणि गुलामगिरीचा पैसाही होता, म्हणून त्याचे गोडवे गाऊ नयेत. पण तो पाण्यावरच्या अंतराने अडला नव्हता, एवढं खरं.)

आज त्या खात्रीची जागा बँकेने घ्यायची असते. समजा, एखाद्या लहान कारखानदाराने घानाला पंपांचा एक कंटेनर पाठवायचा ठरवला. त्याच्यापुढचे प्रश्न फार साधे असतात. तिथल्या बँकेची एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या वतीने पैसे देण्याची हमी, इथली बँक मानेल का? मानली तर किती कमिशन मागेल? पैसे नव्वद दिवसांनी येतील की दोनशे? आले नाहीत तर विम्याचा दावा मंजूर व्हायला किती महिने? या प्रश्नांसाठी आपल्याकडे संस्था आहेत, आणि जुन्या आहेत. निर्यात पतविम्याचं काम 1957 पासून चालतं, निर्यात-आयातीला कर्ज देणारी सरकारी एक्झिम बँक 1982 ची. पण या योजना आणि परिषदा चालू असतानाच आपल्या सरकारी बँका बाहेरच्या शाखा आवरत्या घेत होत्या. 2018 मध्ये बँक ऑफ बडोदा दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडली. तिच्या तिथून जाण्याची स्वतःची कारणं होती आणि ती लहान नव्हती. तोट्यातली शाखा बंद करणं हा बँकेच्या दृष्टीने शहाणपणाच ठरतो. सरकारच्या दृष्टीने मात्र एका खात्याने रस्ता बांधायचा आणि दुसऱ्याने त्यावरचा पूल काढून न्यायचा, असा हा प्रकार होतो. तीन टक्क्यांची ती सवलत सहा महिने अडकलेल्या बिलाचं व्याजही भरून काढत नव्हती. हे गणित कारखानदाराला कळतं, म्हणून तो दुबईच्या एखाद्या मधल्या व्यापाऱ्याला माल देऊन मोकळा होतो. नफ्यातला मोठा वाटा दुबईत राहतो.

सरकारने काहीच नीट केलं नाही असं नाही. 2018 मध्ये मंत्रिमंडळाने आफ्रिकेत अठरा नवे दूतावास उघडायला मंजुरी दिली, हे योग्य पाऊल होतं. जुलै 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयात व्यवहार मिटवण्याची सोय केली आणि तिच्यासाठी पुढे आलेल्या देशांत टांझानिया, केनिया, युगांडाही होते. वर्षभरातच, 2023 मध्ये, नायजेरियात डॉलरची चणचण झाली, तिथलं चलन नायरा गडगडलं आणि तिथे माल विकणाऱ्या भारतीय कंपन्यांचे आकडे एकदम खाली आले. अशा वेळी डॉलरवाचून चालणारी व्यवस्था किती उपयोगाची असते हे दिसलं. फक्त ती व्यवस्था रुजायला दहा वर्षं लागतात, आणि इथे मंत्रालयांचा धीर दोन अर्थसंकल्पांपलीकडे टिकत नाही.

धीर टिकला तर काय होतं, याचं आपल्याच इतिहासातलं सर्वात मोठं उदाहरण औषधांचं आहे. गंमत अशी की त्यात निर्यातीचं धोरण असं काही नव्हतंच. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट द्यायचं नाकारलं, बनवण्याच्या पद्धतीवर तेवढं दिलं. हा कायदा देशातल्या रुग्णासाठी होता. तो 2005 पर्यंत, सरकारं बदलली तरी, जवळजवळ जसाच्या तसा राहिला. तीसहून अधिक वर्षांच्या त्या अभयाखाली इथले कारखाने तीच औषधं वेगळ्या रीतीने आणि स्वस्तात बनवायला शिकले. फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्लाने एड्सवरच्या तीन औषधांचं मिश्रण आफ्रिकेतल्या रुग्णांसाठी माणशी वर्षाला 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. भारताचं नाव आफ्रिकेच्या दवाखान्यांत पोचलं ते या एका आकड्याने. कुठल्याही परिषदेच्या ठरावाला ते जमलेलं नाही.

आणि ते नाव कसं घालवता येतं हेही याच धंद्याने दाखवलं. ऑक्टोबर 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांबद्दल इशारा दिला. गांबियात सत्तरच्या आसपास मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली होती. आपली पहिली प्रतिक्रिया बचावाची होती. मग 1 जून 2023 पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधाची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. निर्यातीच्या, हा शब्द लक्षात ठेवावा. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून अधिक मुलं तशाच विषारी औषधाने दगावली. बाहेरच्यांसाठी एक चाळणी आणि घरच्यांसाठी दुसरी, ही व्यवस्था नैतिकदृष्ट्या तर वाईट आहेच, व्यापाराच्या दृष्टीनेही मूर्खपणाची आहे. कारण डकार किंवा घानाची राजधानी अक्रा इथला औषध निरीक्षक छिंदवाड्याची बातमीही वाचतो. औषध निरीक्षकांची रिकामी पदं भरणं हे वाणिज्य मंत्रालयाचं काम नव्हे असं कोणी म्हणेल. मला ते आफ्रिकेतल्या दहा प्रदर्शनांपेक्षा मोठं निर्यात प्रोत्साहन वाटतं.

तांदळाची गोष्ट तुरीच्या उलट दिशेची, पण दुखणं तेच. जगात जेवढा तांदूळ देशांच्या सीमा ओलांडतो त्यातला सुमारे चाळीस टक्के भारताचा. पश्चिम आफ्रिकेत, विशेषतः सेनेगलमध्ये, तुकडा तांदूळ हे रोजचं अन्न आहे, आणि तो मोठ्या प्रमाणात आपण पुरवत होतो. सप्टेंबर 2022 मध्ये तुकड्याची निर्यात बंद झाली. 20 जुलै 2023 रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाचीही झाली. नंतर काही मित्रदेशांना, त्यांनी विनंती केल्यावर, सरकारी मार्गाने ठरावीक टन देण्यात आले. ही देणगी समजावी की व्यापार? ज्याला दर वेळी अर्ज करून माल मिळतो तो गिऱ्हाईक राहत नाही, याचक होतो, आणि कोणतंही स्वाभिमानी सरकार पुढच्या वर्षी थायलंड-व्हिएतनामशी बोलणी सुरू करतं. पांढऱ्या तांदळावरची बंदी सप्टेंबर 2024 मध्ये उठली, तुकड्यावरची मार्च 2025 मध्ये. तोवर गोदामं भरून वाहत होती. हे सगळं कांदा पिकवणाऱ्यांना समजावून सांगायची गरज नाही. डिसेंबर 2023 ची निर्यातबंदी त्यांना तोंडपाठ आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. एकशे चाळीस कोटींच्या देशाने आधी आपलं ताट पाहायचं की सेनेगलचं? अल निनोच्या वर्षी तांदूळ बाहेर जाऊ दिला आणि देशात भाव भडकला, तर कोणतं सरकार तोंड दाखवू शकेल? दुसऱ्या बाजूने तूर उत्पादक विचारेल, मोझांबिकच्या शेतकऱ्याची एवढी कणव, मग आमचं काय? आफ्रिकेची तूर शुल्काशिवाय येते आणि आमची हमीभावाखाली जाते, हे तुम्ही कोणत्या मैत्रीच्या नावाखाली पचवायला सांगता?

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की आपलं ताट आधी पाहावंच, पण ते पाहण्याचा नियम आधी सांगावा. साठा अमुक पातळीखाली गेला तर निर्यातीवर अमुक शुल्क, आणखी खाली गेला तर आणखी, आणि ज्या सौद्याची जहाजं ठरली आहेत त्यांना सूट. हे आधी छापून ठेवलं, तर डकारचा आयातदार आपला साठा स्वतः वाचून तयारी करेल. बंदी वाईट असतेच, पण अचानकची बंदी जास्त वाईट, कारण ती पुढच्या दहा वर्षांच्या व्यवहारावर जोखमीचा अधिभार लावून जाते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तिथे मी पूर्ण शेतकऱ्याच्या बाजूने आहे. निदान एका मर्यादेपर्यंत. आपली तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते. आफ्रिकेची ऑगस्टनंतर येऊ लागते, म्हणजे आपल्या बाजारात माल संपत आलेला असतो तेव्हा. निसर्गाने हे वेळापत्रक भांडणासाठी आखलेलं नाही. भांडण लागतं ते ही आयात बेहिशेबी होते आणि तिचा साठा जानेवारीत आपल्या नव्या मालाच्या उरावर बसतो म्हणून. आयात शुल्क हमीभावाशी बांधता येईल. बाजारभाव हमीभावाखाली गेला की शुल्क आपोआप चढेल, वर गेला की उतरेल, आणि हा तक्ता पाच वर्षांसाठी जाहीर असेल. मग लातूरच्या शेतकऱ्यालाही कळेल आणि नांपुलाच्याही, की खेळाचे नियम काय आहेत. आज दोघांनाही ते व्यापाऱ्याकडून, आणि उशिरा, कळतात. शहरातली महागाई दाबायला दोघांनाही आलटून पालटून चेपायचं, ही पद्धत मात्र थांबावी. खरं तर हे दोन शेतकरी एकमेकांचे शत्रू नाहीत. दोघांचं नुकसान करणारी सही एकाच टेबलावर होते.

सरकार ज्याला प्रोत्साहन म्हणतं त्यातला मोठा भाग कर्जाचा आहे. एक्झिम बँकेमार्फत सवलतीचं कर्ज द्यायचं आणि त्यातून होणारी साधारण पाऊण खरेदी भारतातूनच व्हावी अशी अट घालायची. अट गैर नाही, सगळे देश घालतात. सेनेगलमध्ये अशाच कर्जातून किर्लोस्करांचे सिंचन पंप गेले आणि भातशेतीला उपयोगी पडले. पण इथिओपियातल्या साखर कारखान्यांसाठी दिलेल्या 64 कोटी डॉलरच्या कर्जाचं काय झालं तेही पाहावं. त्यातला तेंदाहोचा कारखाना ठरल्या वेळेच्या कित्येक वर्षं मागे पडला. सहकारी साखर कारखानदारीच्या या मुलखाला साखर कारखाना कसा रखडतो हे शिकवायला नको. पण परदेशात तो भारताच्या नावाने रखडतो, आणि शेजारच्याच देशात चिनी कंत्राटदार रेल्वे उभी करत असतो. घोषणेचा आकडा मोजण्यापेक्षा चालू झालेल्या यंत्रांचा आकडा दरवर्षी संसदेत ठेवावा, म्हणजे परिषदांमधली भाषणं आपोआप आखूड होतील.

खाजगी उद्योगाने याबाबतीत सरकारला शिकवावं असं एक उदाहरण पुण्याचंच आहे. नायजेरियातल्या ओकाडा आणि पूर्व आफ्रिकेतल्या बोडा-बोडा, म्हणजे भाड्याने माणसं वाहणाऱ्या मोटारसायकली, यांत बजाजची बॉक्सर सर्वत्र दिसते. ती तिथे रुजली कारण ती साधी होती, खड्ड्यांत टिकली, आणि तिचा सुटा भाग तालुक्याच्या गावात मिळतो. तिथला चालक ती कर्ज काढून घेतो आणि रोजच्या कमाईतून हप्ता फेडतो. गाडी दोन दिवस बंद पडली तर त्याचं घर बंद पडतं. त्याला कंपनीच्या देशाशी काही देणंघेणं नाही, क्लचची तार आज मिळते की नाही एवढंच आहे. 2020 मध्ये लागोसने शहराच्या मोठ्या भागात ओकाडावर बंदी घातली, नंतर चलन कोसळलं, तरी कंपनी बाजार सोडून आली नाही.

लॅटिन अमेरिकेबद्दल मी कमी लिहितो आहे, कारण तिथे सांगण्यासारखंच कमी घडलं आहे. ब्राझील, अर्जेंटिना वगैरे देशांच्या मर्कोसुर गटाबरोबरचा प्राधान्य व्यापार करार जानेवारी 2004 मध्ये सही होऊन जून 2009 मध्ये अमलात आला. दोन्ही बाजूंनी साडेचारशेच्या आसपास वस्तू, आणि त्यातल्या बऱ्याच वस्तूंवर सवलत शुल्काच्या दहा किंवा वीस टक्के. साडेपाच वर्षं खपून एवढंच. आता अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात पाच पट्ट्यांत लिथियम शोधण्याचा करार सरकारी कंपनीने 2024 मध्ये केला आहे, म्हणून या खंडाकडे पुन्हा लक्ष गेलं आहे. खनिज हवं झालं की आठवण येते, हे तिथल्या लोकांच्याही लक्षात येतं. पाचशे वर्षांचा अनुभव आहे त्यांना.

आफ्रिकेतही हीच कुरकुर आहे. आपल्या आयातीत कच्चं तेल, सोनं, कोळसा, हिरे, कच्चे काजू यांचाच भरणा. 2022-23 मध्ये भारत-आफ्रिका व्यापार 98 अब्ज डॉलरच्या आसपास गेला म्हणून आनंद व्यक्त झाला. पुढच्या वर्षी तेल उतरलं आणि आकडाही उतरला. अति-अविकसित देशांच्या बहुतेक मालाला आपण 2008 पासून टप्प्याटप्प्याने शुल्कमुक्त प्रवेश दिला. पण कागदावर खुल्या असलेल्या दारातून आत यायला त्यांच्याकडे प्रक्रिया केलेला माल हवा, प्रमाणपत्र देणारी प्रयोगशाळा हवी, थेट जहाज हवं. बेनिनने 2024 मध्ये कच्च्या काजूच्या निर्यातीवर बंदी घातली, कारण बी फोडायचं काम, म्हणजे रोजगार, त्यांना स्वतःकडे ठेवायचा आहे. आपल्या काजू कारखान्यांना याचा फटका बसला तरी त्यामागचा विचार आपल्याला परका नसावा. कच्चा कापूस बाहेर जायचा आणि कापड परत यायचं, याविरुद्ध आपण एकेकाळी होळ्या पेटवल्या होत्या.

गेल्या काही वर्षांत तुरीच्या शुल्कमुक्त आयातीची मुदत वर्षावर्षाने वाढत गेली. या अधिसूचनांत शेवटची तारीख 31 मार्च असे. आधी मार्च 2024, मग मार्च 2025, मग मार्च 2026. मोझांबिकमध्ये तूर पेरली जाते ती नोव्हेंबर-डिसेंबरात, पहिल्या पावसावर, आणि काढली जाते जुलैनंतर. म्हणजे बी जमिनीत टाकताना तिथल्या शेतकऱ्याला ज्या दाराचा भरवसा धरायचा असतो, ते पीक हातात येण्याच्या चार महिने आधीच, निदान कागदावर, बंद झालेलं असतं.